जीपची शेवटची धार

सणसरच्या दादासो तात्यांची जीप ट्रॅक्टरला साखळीनं बांधून बारामतीच्या दिशेनं निघाली, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं तात्यांनी ती विकली आणि उरलेल्या निम्म्याला वाटलं तात्यांचं डोकं फिरलं. कारण ही जीप जागची हलायची नाही असं तात्या गेली सात वर्षं ज्याला त्याला ठणकावून सांगत होते. खरं तर हलणं तिनंच सोडलं होतं. बॉनेटखाली चिमण्यांनी तीनदा संसार थाटला होता, टायर मातीत रुतून बसले होते. तरी सकाळचा चहा झाला की तात्या तिच्याभोवती एक चक्कर मारून येत. मागच्या काचेवर लाल रंगात ‘छकुली’ असं लेकीचं नाव लिहिलेलं. ती लेक सासरी जाऊन दोन पोरांची आई झाली, पण काचेवरची अक्षरं पुसायची घरात कुणाची छाती नव्हती.

शेवटी मुलानं, इंद्रजितनं, बरोबर नस पकडली. म्हणाला, “तात्या, नोंदणीची मुदत संपलीय. उद्या कुणा भंगारवाल्यानं हिचा नंबर चोरीच्या गाडीला ठोकला, तर पोलीस आपल्या दारात येतील.” पोलिसाचं नाव काढलं की तात्यांचा हट्ट लोण्यासारखा वितळतो, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या गाड्या रीतसर मोडणारं एक केंद्र निघालं होतं. तिथं इंद्रजितनं मोबाइलवरून नाव नोंदवलं आणि तात्या तिसऱ्या दिवशी जीपच्या मागोमाग तिथं जाऊन पोचले.

कागद बघून झाले, जीप वजनकाट्यावर चढून उतरली. तिथला इंजिनिअर अविराज, पस्तिशीतला, नम्र माणूस. म्हणाला, “तात्या, झालं तुमचं काम. दाखला मोबाइलवर येईल. या आता.”

“म्या न्हाय जात,” तात्या म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्या सगळं. नंबरसकट.”

असले म्हातारे अविराजनं पुष्कळ पाहिले असावेत. त्यानं मुकाट्यानं एक प्लास्टिकची खुर्ची आणून शेडच्या कडेला ठेवली आणि आत बघून हाक मारली, “सारजाअक्का, जीप आलीय!”

आतून एक बाई आली. पन्नाशीची, काटक, उन्हानं रापलेली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पायांत लोखंडी टोकाचे बूट, अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण आणि त्याखाली कपाळावर हिरवं गोंदण. तात्यांना वाटलं, झाडायला आली असेल. शेड झाडायलाच बोलावलं असणार, दुसरं कशाला? तात्यांची ही जुनी खोड आहे. माणूस दिसला की लगेच त्याची जागा ठरवून मोकळे होतात.

पण शेडमधले चार धडधाकट गडी हातातले पाने खाली ठेवून तिला वाट देत मागं सरकले. अविराज हसून म्हणाला, “अक्कानं धार काढल्याशिवाय इथं कुणी गाडीला हात लावत नाही.”

“कसली धार?”

“बघा की.”

गाडी म्हणजे निव्वळ लोखंड, असं आपल्यासारख्यांना वाटतं. पण तिच्या पोटात इंजिनचं ऑइल असतं, गिअरचं वेगळं, ब्रेकचं वेगळं. टाकीच्या तळाला डिझेल उरलेलं असतं, बॅटरीत आम्ल असतं आणि रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी. आपल्याकडच्या भंगारच्या आवारांत पूर्वी काय चालायचं? गॅस कटर लावायचा आणि गाडी सरळ फाडायची. पोटातलं सगळं खालच्या मातीत, मातीतून ओढ्यात, ओढ्यातून कुणाच्या तरी विहिरीत. त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्याला शेवटपर्यंत कळायचं नाही की आपण काय पितोय. म्हणून या केंद्रात पहिलं काम गाडी आतून पार कोरडी करायचं, आणि ते सारजाचं होतं. ती वरकुट्याच्या मेंढपाळ घरातली सून. ‘द्रव काढणे’ असा कागदावरचा शब्द तिच्या तोंडात काही बसेना. ती म्हणाली, मी धार काढते. बघता बघता सगळं केंद्र तसंच म्हणू लागलं. परवा तर अविराजनं वरच्या साहेबांना पाठवलेल्या अहवालात चुकून तेच लिहिलं म्हणतात.

सारजा आधी जीपभोवती एकदा फिरली. अगदी तात्या फिरायचे तशी. बॉनेटवर तळवा टेकवून क्षणभर उभी राहिली. मग हातमोजे चढवले, रंगीत झाकणांची पिंपं ओळीनं ओढून घेतली, बॅटरी उचलून बाजूला ठेवली आणि उचललेल्या जीपखाली उकिडवी बसली. इंजिनचं बूच फिरवल्याबरोबर काळी धार पसरट भांड्यात पडू लागली. तिनं त्यातलं थोडं मोजा घातलेल्या दोन बोटांत चोळून बघितलं.

“लई वझं ओढलंय हिनं,” ती खालूनच म्हणाली. “उसाचं बेणं वाहिलं काय हिच्यातनं?”

तात्या खुर्चीत सरसावून बसले. पंधरा वर्षं त्यांनी या जीपमधून बेणं वाहिलं होतं. मागची बाकडी काढून टपापर्यंत कांड्या भरायचे. पण हे या बाईला कुणी सांगितलं?

गिअरचं ऑइल काढताना तिनं बुचाला चिकटलेला पिवळसर चुरा उजेडात धरला. “दुसरा गिअर घालताना कुणीतरी दांडगाई करायचं. दमच न्हाई धरायचं.”

ते कुणीतरी खुर्चीतच बसलं होतं. तात्यांनी घसा खाकरला आणि शेडचं छप्पर न्याहाळायला लागले. आयुष्यभर बायको हेच सांगत आली होती की तुम्हाला धीर म्हणून नाही. तिचं काही तात्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण या परक्या बाईनं बुचावरच्या चुऱ्यातून त्यांचा स्वभाव वाचून दाखवला, तेव्हा मात्र ते चक्रावले. ही बाई जीपच्या पोटातून आपली सगळी पंचवीस वर्षं बाहेर काढील की काय, असं त्यांना वाटू लागलं. त्यांना थोडी भीती वाटली आणि तिच्यावरून नजरही हलवता येईना.

ब्रेकचं झालं, डिझेल झालं. प्रत्येकाचं पिंप वेगळं, झाकण लगोलग बंद. हात असे चालत होते की एक हालचाल फुकट नाही. मग ती रेडिएटरपाशी आली आणि तिचं बोलणं एकदम थांबलं.

तिनं एकाखाली एक अशी दोन रुंद भांडी लावली. गुडघे टेकून बसली. खालची तोटी सुताएवढी सैल केली. हिरवी बारीक धार सुरू झाली, तशी शेडमधली माणसं जवळ सरकली. जीप सात वर्षं उभी होती, त्यामुळं पाणी निम्मं आटलं होतं, धार लवकरच तुटली. तात्यांना वाटलं, संपलं. पण सारजानं जॅक लावून जीप एका अंगाला कलती केली. रेडिएटरच्या तळाला बोटांच्या पेरांनी हलकेच ढुसण्या दिल्या. मेंढीच्या कासेला कोकरू देतं तशा. थांबली. पुन्हा दिल्या. आणि काय सांगावं, पार कोरड्या वाटणाऱ्या त्या रेडिएटरनं पुन्हा धार सोडली! वाटीभर तरी निघालं असेल.

“सगळ्या गाड्या शेवटचं राखून ठेवत्यात,” ती म्हणाली. “मागाया लागतंय.”

भांडं उचलताना एक थेंब फरशीवर पडला. एकच. सारजानं भांडं खाली ठेवलं, मूठभर लाकडाचा भुसा आणला, त्या थेंबावर दाबला, सगळा भुसा भरून पिंपात टाकला आणि फरशी फडक्यानं पुसून ते फडकंही पिंपात टाकलं. तात्यांना इतका वेळ गप्प बसायची सवय नव्हती. चेष्टेत म्हणाले, “बाई, एका थेंबानं काय फरशी जळती व्हय?”

सारजानं वळून बघितलं. रागावली नाही. जीप रात्रभर तशीच कलती टांगून ठेवायची होती, तिचं त्या दिवसाचं काम उरकलं होतं. ती खुर्चीशेजारी खाली बसली, बाटलीतलं पाणी प्याली आणि बोलू लागली.

“तात्या, बाराच्या सालचा दुष्काळ आठवतोय न्हवं? तवा आमी मेंढरं घिऊन कालव्याच्या अंगाला आल्तो. सणसरच्या शिवारात एका मालकाच्या रानात मेंढरं बसवली व्हती, खतासाठी. बांधाला दोन चिंचा व्हत्या. आमचं मालक आन् दीर कळप घिऊन दिसभर लांब जायचं. कोकरं माझ्या हवाली. मेंढ्यांस्नी चारा न्हाय, मग दूध कुठलं? कोकरं नुसती वरडायची. एक दिस चिंचंखालच्या खड्ड्यात हिरवं पानी दिसलं. म्या बोट घालून चाखलं. ग्वाड! शेजारी गुऱ्हाळ व्हतं. मला वाटलं, कढई धुतल्यालं पानी कुणीतरी आनून टाकलंय. गुऱ्हाळवाली माणसं द्यायची की तसं जनावरास्नी. म्हनलं, देवच पावला.”

 तिचा आवाज बदलला नव्हता, पण हातातल्या बाटलीचं बूच ती उगाच फिरवत होती.

“ज्येंच्या आया आटल्या व्हत्या, त्येंना एकेकाला उचलून न्हेऊन पाजलं म्या. ह्या हातानं. सांच्यापारी कोकरं दारू प्याल्यावानी झोकांड्या द्याया लागली. तिसऱ्या दिसापातूर अकरा कोकरं ग्येली, तीन मेंढ्या ग्येल्या. रानाचा मालक आला आन् बांधावरनं, लांबनंच म्हनला, रोगट मेंढरं माझ्या रानात नगं, उठवा वाडा. भर उन्हात निघालो. सासू म्हनली, हिच्या हातात इख हाय. त्या दिसापासनं कोकरू माझ्या हाताला लागू दिलं न्हाय तिनं.”

हे शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. पण मेंढपाळाच्या घरात त्याचा अर्थ काय, हे कळायला हवं. गडी कळपाबरोबर जातात, वाड्यावर राहतात ती बाया आणि कोकरं. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, कुणाला जास्त पाजायचं, कुणाला थंडीत लुगड्याच्या पदरात घ्यायचं, हे सगळं बाईच्या हातात. ते हातच नाकारले तर तिनं त्या घरात करायचं काय? सारजानं ऊस खुरपला, रस्त्याची खडी फोडली, शेवटी नवरा सिद्धू याच वसाहतीत राखणदार झाला तेव्हा ती इथं झाडायला लागली. तात्यांचा अंदाज अगदीच चुकला नव्हता, फक्त चार वर्षांनी उशिरा होता.

“मग हितं एक सायेब शिकवाया आलं,” सारजा म्हणाली. “गाडीतलं हिरवं पानी दावलं. म्हनलं, ह्ये चवीला ग्वाड असतंय, जनावर आवडीनं पितंय आन् आतनं मूत्रपिंडं जात्यात. आधी झोकांड्या, मग मरान. तात्या, म्या तितंच मटकन खाली बसले. घरी जाऊन सासूला सांगितलं. ती म्हनली, उसाच्या रानात गाडीचं पानी कोन वतंल? सोताची चूक गाडीवर ढकलू नगं. आता म्या कुठनं आनू साक्षीदार? कुनीतरी म्हनाया पायजे न्हवं, की व्हय, वतलं व्हतं. त्यो मानूस कोन, कुठला, मला काय ठावं. म्हनून मग हितंच ऱ्हायले. म्हनलं, ह्या हातानं एक थेंबबी भुईवर पडू द्यायचा न्हाय.”

तात्या उठले. चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही. “उद्या येतो,” एवढंच म्हणाले आणि सरळ रस्त्याला लागले.

एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांना सगळं दिसायला लागलं. चिंचेखाली हीच जीप. बॉनेट उघडं, रेडिएटर तापायचा म्हणून दीपक मेकॅनिकला रानातच बोलावलेलं. दीपक म्हणाला होता, “तात्या, वाईच बादली द्या. ह्ये जनावराच्या वाटंवर सांडायचं नसतंय.” आणि तात्या म्हणाले होते, “सोड रं त्या खड्ड्यात. बादली कशाला नासवतोस?” दुसऱ्या दिवशी जीप घेऊन ते पुण्याला गेले. परत आले तेव्हा रानात मेंढरं मरत होती. आणि रोगट मेंढरं म्हणून भर उन्हात वाडा उठवणारा मालकही तेच. मेंढरं बसवण्याबद्दल त्या माणसांना ठरलेली ज्वारीसुद्धा त्यांनी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्या आले, पण खुर्चीत बसले नाहीत. जीप आता ओळखू येत नव्हती. बाकडी, काचा, टायर, तारांचे भारे, सगळ्याचे वेगवेगळे ढीग लागले होते. ‘छकुली’ लिहिलेली काच अविराजनं आठवणीनं न फोडता भिंतीला टेकवून ठेवली होती. चॅसिसवरचा नंबराचा तुकडा तात्यांसमोर कापून त्याचा फोटो घेतला. मग उरलेला सांगाडा दाबयंत्रात गेला. वरून जाड पोलादी पाट उतरला, मग दोन्ही अंगांनी भिंती सरकल्या. कुरकुर झाली, कुणी कळवळून ओरडावं तसा आवाज झाला, आणि पंधरा माणसं कोंबून जत्रेला नेणारी ती जीप गुडघ्याएवढी पेटी होऊन बाहेर आली. तात्या तोंड उघडं टाकून बघत राहिले. एवढं आयुष्य एवढ्याशा जागेत मावतं, हे त्यांनी कधी मनातही आणलं नव्हतं.

“आता जालन्याला जाईल, भट्टीत,” अविराज म्हणाला. “पुन्हा सळया होतील, कुणाच्या तरी घराला लागतील. झालं तात्या, तुम्ही निर्धास्त. तुमच्या जीपचा आता कुठंही पुरावा राहिला नाही.”

 हे असं असतं. माणसाला हवी ती सुटका कधीकधी आयती समोर येते, आणि तेव्हाच कळतं की आपल्याला ती घेता येणार नाही. कुणी काही विचारलं नसतं. दीपक मेकॅनिक वारून पाच वर्षं झाली होती. जीप पेटी झाली होती. त्या हिरव्या पाण्याचं नाव घेणारा सगळ्या जगात एकच माणूस उरला होता आणि तो आपलं धोतर सावरत उभा होता.

तेवढ्यात सारजा आली. हातात चहाची असावी तशी छोटी काचेची बरणी. तळाला दोन बोटं हिरवं पाणी.

“बघा तात्या. रातभर टांगली, तर येवढं निघालं. म्या म्हनले न्हवतं, राखून ठेवत्यात?”

तात्यांनी बरणीकडं बघितलं. मग म्हणाले, “सारजाबाई, चिंचा दोन न्हवत्या. तीन व्हत्या. तिसरी त्याच साली म्या पाडली, तुमी गेल्यावर.”

सारजा बरणीचं झाकण लावत होती. ते तिनं पूर्ण फिरवून घट्ट केलं. मगच मान वर केली.

“रान माझं,” तात्या म्हणाले. “खड्डा माझा. पानी ह्याच जीपचं. मेकॅनिक बादली मागत व्हता, म्या दिली न्हाय. वाडाबी म्याच उठवला.”

यंत्र बंद होतं. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दणदणत गेला. सारजा पिंपावर एक हात टेकून उभी होती. तिचा चेहरा बघायचं धाडस तात्यांना झालं नाही.

“तवाच ठावं व्हतं तुमाला?” तिनं विचारलं.

“न्हाय. मेंढरं मेली तवा त्ये पानी माझ्या ध्येनातबी आलं न्हाय. काल तुमी बोलला तवा आलं.”

“आन् तवाच ध्येनात आलं असतं, तर बोलला असता?”

तात्यांना सत्तर वर्षांत कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं. पण जी बाई बुचावरच्या चुऱ्यातून माणूस ओळखते, तिच्यापुढं खोटं काय टिकणार?

“न्हाय,” ते म्हणाले. “न्हाय बोललो असतो.”

सारजानं मान हलवली. जणू एवढं एकच तिला खरं ऐकायचं होतं. “मग ऐतवारी वरकुट्याला या. माझ्या सासूपुढं ह्येच बोला, आत्ता बोलला तसं. दुसरं मला तुमचं काय बी नगं.” आणि बरणी घेऊन ती आत गेली.

रविवारी इंद्रजित गाडीनं सोडायला तयार होता. तात्या म्हणाले, मी एसटीनं जाईन. वाटेत तीनदा त्यांना वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. उतरले नाहीत, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हरकत नाही.

वरकुट्याच्या बाहेर पत्र्याचं घर, पुढं अंगण, अंगणात काट्यांचं कुंपण घातलेला कोकरांचा वाडा. सारजाची सासू शकुबाई घोंगडीवर बसलेली. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू झालेली. धाकटा मुलगा मल्हार कळप घेऊन निघायचा थांबला होता. सारजा सुट्टीला आलेली. ती कुंपणापासून चार हात लांब उभी होती. तात्यांच्या लक्षात आलं की ती लांबच उभी राहते. तेरा वर्षांत पायांना तेवढं अंतर पाठ झालं होतं.

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. चिंच, खड्डा, बादली, उठवलेला वाडा. पूर्वी सोसायटीच्या सभेत ते तास तास बोलायचे, हे बोलायला त्यांना दोनच मिनिटं लागली.

शकुबाईनं घोंगडी सावरली. मग आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, “कशी असती त्येची चव?”

“ग्वाड असती म्हनत्यात.”

“म्हनत्यात? तुमी चाखली न्हाय?”

“न्हाय.”

“माझ्या सुनंनं चाखली व्हती,” म्हातारी सावकाश म्हणाली. “कोकराला द्यायच्या आदी सोता चाखली. तवाच सांगितलं व्हतं मला. त्ये इख हाय ह्ये ठावं नसताना पयलं सोताच्या तोंडात घातलं तिनं.” तिनं तोंड कुंपणाकडं फिरवलं. “आन् म्या तिच्याच हाताला इख म्हनलं.”

 तात्यांना वाटलं, आता म्हातारी आपल्याला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तिचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं.

“मल्हार,” तिनं हाक मारली. “पहाटं मेंढी व्याली न्हवं? त्ये कोकरू आन. तिच्याकडं दे.”

मल्हारनं कोकरू उचलून आणलं. काळ्या तोंडाचं, अजून पाय नीट न सापडलेलं. तो भावजयीसमोर उभा राहिला आणि त्यानं कोकरू पुढं केलं. सारजाचे दोन्ही हात आपोआप पुढं आले आणि मधेच थांबले.

“दम,” ती म्हणाली. “हाताला ऑइल असंल.”

काल सुट्टीला निघताना ती हात धुऊन आली होती. घरी येऊन अंघोळ केली होती. तरी ती रांजणाकडं गेली. साबण घेतला, कोपरापर्यंत हात चोळले, नखांच्या कडा घासल्या, धुतले. वास घेऊन बघितला. पुन्हा साबण लावला. तिसऱ्यांदाही धुतले, आणि त्या वेळी तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच हातांवर पडत होतं, ते तिनं लपवलं नाही. कोकरू मल्हारच्या हातात ओरडत होतं. म्हातारी ऐकत होती. घाई कर असं तिला कुणीच म्हणालं नाही.

लोकांच्या गाड्यांच्या पोटातला शेवटचा थेंबसुद्धा मागून घेणारी ती बाई आपल्या हातावर एक थेंब उरला नसेल ना, एवढ्यासाठी तेरा वर्षांची वाट आणखी पाच मिनिटं लांबवत होती. तात्या टोपी हातात धरून बघत उभे होते. देवळातही ते इतके गप्प कधी उभे राहिले नव्हते.

मग सारजानं पदराला हात पुसले, पुढं झाली आणि कोकरू घेतलं. डाव्या हातावर त्याची छाती, उजव्या हातात मागचे पाय, मान आपल्या कोपराशी. तेरा वर्षांत हात काही विसरले नव्हते. कोकरानं दोनदा नाक घासलं आणि तिचं बोट तोंडात घेऊन चोखायला लागलं.

“भुकेजलंय,” ती सासूला म्हणाली. “ह्येची आय कुठली, दावा मला.”